माणसं घडवण्याचा खर्च

१९५७ सालच्या मार्चमध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सागर आणि सोरब तालुक्यांच्या जंगलांत माकडं मरून पडू लागली. पाठोपाठ जंगलाला लागून असलेल्या गावांतली माणसं तापाने फणफणली. सरपणासाठी, गुरं चारायला जंगलात जाणारी ही माणसं. कुणाच्या हिरड्यांतून रक्त येई, कुणाच्या नाकातून. आधी माकडं मरतात आणि मग माणसं आजारी पडतात, ही खूण दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराची. भारतात हा रोग कधीच आलेला नव्हता. तो पसरवणारे डास मात्र इथे मुबलक होते. हा तोच असेल तर पुढे काय वाढून ठेवलं आहे, या विचाराने जाणकारांच्या तोंडचं पाणी पळालं.

पुण्याहून माणसं निघाली. पुण्यात १९५२ पासून विषाणू संशोधन केंद्र होतं, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही. अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन आणि आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आयसीएमआर, यांनी मिळून ते उभारलेलं. संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मेलेल्या माकडांचे आणि आजारी माणसांचे नमुने आणले, विषाणू वेगळा केला आणि थोड्याच अवधीत सांगितलं, हा पीतज्वर नव्हे. रशियात वसंतात आणि उन्हाळ्यात येणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा हा भाऊबंद आहे, डासांनी नव्हे तर गोचिडांनी पसरतो, आणि जगाला आजवर अनोळखी आहे. जिथे तो सापडला त्या क्यासनूर जंगलाचं नाव त्याला मिळालं. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरी तालुक्यात आज ज्याला माकडताप म्हणतात, तो हाच.

ही हकीकत बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. तिच्यातली एक गोष्ट मात्र सहसा कुणी अधोरेखित करत नाही. १९५७ मध्ये पुण्यात ती माणसं हजर होती, कारण १९५२ मध्ये कुणीतरी त्यांच्यावर पैसे खर्च केले होते. तेव्हा माकडताप हा शब्दही जन्माला आलेला नव्हता. कोणत्या रोगासाठी आपण या मुलांना शिकवतो आहोत, हे शिकवणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं.

त्या शिक्षणात काय काय होतं ते जरा जवळून पाहू. पांढऱ्या फ्लॅनेलचं कापड काठीला बांधायचं आणि जंगलातल्या पाचोळ्यावरून सावकाश ओढत न्यायचं. कापडाला खसखशीएवढी गोचिडाची पिल्लं चिकटतात. ती चिमट्याने एकेक उचलून कुपीत भरायची, कुठल्या जागेवरची, कोणत्या दिवसाची, हे लिहून ठेवायचं. मग प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या जाती निवडायच्या. एका जातीत विषाणू सापडतो आणि तिच्या चुलत बहिणीत सापडत नाही, म्हणून इथे गफलत झाली की पुढचं सगळं वाया. मग जातवार घोटून तो द्रव नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचायचा आणि रोज सकाळी पिंजरे बघायचे. हे सगळं करताना स्वतःला लागण होऊ द्यायची नाही, ही आणखी एक अट. ती प्रत्येकाला पाळता आली नाही. माकडतापाच्या अभ्यासात प्रयोगशाळेतली कितीतरी माणसं आजारी पडली. गोचिडांच्या जाती डोळ्यांना ओळखू येऊ लागायला काही हंगाम जावे लागतात. पुस्तकातून ते येत नाही, दोन आठवड्यांच्या कार्यशाळेतून तर नाहीच. शेजारी बसून शिकवणारं कुणीतरी लागतं आणि त्या काळात शिकणाऱ्याच्या घरची चूल पेटती राहावी लागते.

प्रस्तुत लेखसंग्रहाचा विषय हाच आहे. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संशोधकांना संसर्गजन्य रोगांवर काम करायला शिकवायचं, तर पैसे कोण देतं, का देतं, कसे देतं आणि ते थांबले की काय होतं. विषय ऐकायला रुक्ष आहे, हे मान्य. साथ आली की लशीबद्दल, औषधाबद्दल, खाटांबद्दल आपण हिरिरीने बोलतो. ज्या माणसाने पहिल्यांदा रोग ओळखला, तो कोणाच्या पैशाने शिकला हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय सरकारांना असते तशी ती वाचकांनाही असते.

आता देणाऱ्याचा हेतू. रॉकफेलर फाउंडेशन पुण्यात आलं ते पुणेकरांच्या प्रेमाखातर नव्हे. कीटक आणि गोचिडांवाटे पसरणाऱ्या विषाणूंचा जगभर शोध घेण्याचा त्यांचा मोठा कार्यक्रम होता आणि त्यात भारत हा नकाशावरचा एक कोरा भाग होता. प्रश्न त्यांचा, पैसे त्यांचे, सुरुवातीला संचालकही त्यांचे. आणि हेतूंचा हा गुंता पुढे वाढतच गेला. माकडतापाचा विषाणू रशियातल्या विषाणूचा नातेवाईक निघाला, तेव्हा साहजिक शंका आली की हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे पक्षी तर त्याला अंगावरच्या गोचिडांबरोबर आणत नसतील? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत सालिम अलींनी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास सुरू केला. तो पैसा आटल्यावर मदत आली ती अमेरिकी लष्कराच्या एका कार्यक्रमाकडून. काम तेच, जाळी तीच, कडीही तशीच. पण पैसे लष्कराचे म्हटल्यावर भुवया उंचावणारच. त्याच सुमारास दिल्लीत डासांच्या जननिक नियंत्रणाचा प्रकल्प चालू होता, तोही जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआरचा संयुक्त, पण पैसा अमेरिकी आरोग्य खात्याचा, पीएल-४८० या धान्यमदतीच्या योजनेतून भारतात साठलेल्या रुपयांतला. वृत्तपत्रांत जैविक युद्धाच्या शंका छापून आल्या, संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये कडक ताशेरे ओढले आणि सोनीपतला डास सोडण्याचा प्रयोग होण्याआधीच गुंडाळावा लागला.

या प्रकरणात कोण बरोबर होतं, यावर आजही एकमत नाही. माझं मत विचाराल तर शंका रास्त होत्या आणि नुकसानही खरं होतं. पण पक्ष्यांच्या त्या प्रकल्पात जाळी लावायला, पक्षी हातात धरायला, मोजमापं घ्यायला शिकलेल्या तरुणांमधून भारतातल्या पक्षिशास्त्राची एक अख्खी पिढी उभी राहिली, हेही तितकंच खरं. पैसा देणाऱ्याचा हेतू आणि शिकणाऱ्याच्या हाती लागलेलं कसब या दोन गोष्टी वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. या संग्रहातले काही लेख दात्यांवर फार कठोर आहेत, काही फार कृतज्ञ. वाचकाने दोन्हींकडे जरा सबुरीने पाहावं.

रॉकफेलर फाउंडेशनचं धोरण बदललं आणि त्यांनी पुण्यातून काढता पाय घेतला. केंद्र मात्र बंद पडलं नाही. पगार आयसीएमआर देत होती, संचालकपद डॉ. टी. रामचंद्र राव यांच्यासारख्या भारतीय संशोधकांकडे आधीच आलं होतं. पुढे १९७८ मध्ये संस्थेला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि डॉ. खुर्शीद पावरी तिच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमधल्या एका विद्यार्थिनीचा नमुना पुण्यातल्या याच संस्थेत तपासला जाऊन देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाचं निदान झालं, तेव्हा १९५२ च्या त्या खर्चाला ६८ वर्षं होत आली होती. कोणत्याही दात्याच्या वार्षिक अहवालात एवढा लांबचा रकाना नसतो.

अशा प्रशिक्षणाला आज जगात सर्वांत पद्धतशीरपणे पैसे देणारी जी केंद्रं आहेत, त्यांत एका गवंड्याचं नाव लागलेलं केंद्र आहे. जॉन फोगार्टी हा ऱ्होड आयलंडचा गवंडी, गवंडी कामगारांच्या संघटनेतून पुढे येऊन अमेरिकी काँग्रेसमध्ये गेला आणि आरोग्य संशोधनाला किती पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीवर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला. १९६७ च्या जानेवारीत तो गेला; पुढच्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, त्याच्या नावाचं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झालं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उष्ण कटिबंधातल्या रोगांच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी टीडीआर हा कार्यक्रम काढला. त्याची धुरा सुरुवातीची दहा वर्षं नायजेरियाच्या आदेतोकुन्बो लुकास यांच्याकडे होती. ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट आला, २००३ मध्ये युरोप आणि आफ्रिकेने मिळून औषधचाचण्यांसाठी ईडीसीटीपी स्थापलं. या सगळ्यांचे इतिहास पुढच्या लेखांत सविस्तर आहेत, इथे त्यांची जंत्री देत नाही.

फोगार्टी केंद्राने १९८८ मध्ये एड्सवरच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यातलं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण डर्बनचं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मर्विन ससर आणि झेना स्टाइन हे साथरोगतज्ज्ञ दांपत्य होतं. दोघंही मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, वर्णभेदी राजवटीच्या जाचामुळे १९५० च्या दशकात देश सोडून गेलेले. भारतीय वंशाच्या कुरेशा अब्दुल करीम आणि त्यांचे पती सलीम दोघंही ससर-स्टाइन यांच्या याच कोलंबियात शिकून डर्बनला परतले. कुरेशा यांनी १९९० च्या सुमारास नाताळ प्रांतात केलेल्या पाहणीत एचआयव्हीची एकूण लागण अजून थोडीच होती. पण किशोरवयीन आणि तरुण मुलींमध्ये ती त्याच वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त दिसली. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा प्रश्न तिथे सापडला: पुरुषाच्या मर्जीवर अवलंबून न राहता बाईला स्वतःला वाचवता येईल असं काही आहे का?

हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये सुचला नसता. तिथला एड्स वेगळा होता, तिथले रुग्ण वेगळे होते. आणि डर्बनमध्ये तो नुसता सुचूनही भागलं नसतं, कारण त्याचं उत्तर शोधायला शेकडो हात लागणार होते: समुपदेशक, परिचारिका, संख्याशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. कोलंबियाचा फोगार्टी कार्यक्रम दक्षिण आफ्रिकेकडे वळला आणि पुढे कुरेशा स्वतः तो चालवू लागल्या. त्यातून दक्षिण आफ्रिकेतले आणि आसपासच्या देशांतले शेकडो संशोधक तयार झाले. २०१० मध्ये त्यांच्या संस्थेने, कॅप्रिसाने, ८८९ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले: टेनोफोव्हिर असलेल्या जेलने लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली होती. ते जेल पुढच्या मोठ्या चाचणीत टिकलं नाही, आणि हे सांगणं भाग आहे, कारण दात्यांच्या पत्रकांत यशाची गोष्ट नेहमी अर्ध्यावरच संपते. पण औषधाने लागण आधीच रोखता येते हा विचार टिकला, आणि चाचण्या घेणारी माणसंही टिकली. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत लेनाकापाविरची सहा महिन्यांतून एकदा सुई घेणाऱ्या २,१३४ तरुण मुली आणि स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्याच वर्षी अब्दुल करीम दांपत्याला लास्कर पुरस्कार मिळाला.

याच्या उलट टोकाला काँगोच्या जॅन-जाक मुयेंबे यांची गोष्ट ठेवून पाहावी. बेल्जियममध्ये लुव्हनला विषाणूशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले. १९७६ मध्ये यांबुकू गावात एक भयंकर ताप उसळला तेव्हा तिथे पोहोचणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत ते होते. त्यांनी हातमोजे न घालता रुग्णांचं रक्त घेतलं, कारण हातमोजे नव्हते. एका आजारी बेल्जियन जोगिणीला ते राजधानीत घेऊन आले आणि तिच्या रक्ताचा नमुना थर्मासमधून अँटवर्पला गेला, कारण किन्शासात तो तपासायची सोयच नव्हती. अँटवर्पला नवा विषाणू सापडला, त्याला इबोला हे नाव मिळालं आणि शोधाचं श्रेय कित्येक वर्षं युरोप-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या नावे जमा होत राहिलं. शिकलेला माणूस होता, पण त्याच्या शिक्षणाला टेकू देणारं काहीच नव्हतं. मुयेंबे गेले नाहीत, चिकाटीने तिथेच राहिले. १९९५ च्या किक्वितच्या साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून पुढे ज्या प्रतिपिंडाचं औषध झालं, त्याची चाचणी त्यांच्या नेतृत्वाखाली काँगोतच झाली आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. यांबुकूपासून इथवर ४४ वर्षं लागली. तितकी वर्षं तग धरणारी माणसं अपवादाने जन्मतात, आणि अपवादांच्या भरवशावर धोरण आखता येत नाही.

म्हणून प्रशिक्षणाच्या पैशाची खरी कसोटी माणूस परतल्यानंतर लागते. अमेरिकी सरकारच्या पैशाने देवाणघेवाणीच्या व्हिसावर शिकायला गेलेल्याला शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावंच लागतं, असा नियम आहे. नियम ठीक आहे. पण दोन वर्षं तो मायदेशी काय करणार, याची तजवीज त्या नियमात नाही. विद्यापीठात जागा भरलेल्या नाहीत, भरल्या तर आठवड्याला ढिगाने तास, रसायनं मागवली तर ती कस्टम्समध्ये अडकून बर्फासकट वितळतात, उणे ८० अंशांच्या फ्रीझरला वीज गेल्यावर जनरेटर लागतो आणि जनरेटरला डिझेल. हा खर्च कुठल्याच शिष्यवृत्तीत बसत नाही. त्याला वरखर्च म्हणतात, आणि त्या एका शब्दाखाली काय काय दडलेलं असतं: हिशेबनीस, पहारेकरी, नीतिमत्ता समितीचा सचिव, छत गळलं तर गवंडी.

या वरखर्चाची एक गंमत आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत एनआयएचने जाहीर केलं की अमेरिकी विद्यापीठांना यापुढे वरखर्च १५ टक्क्यांहून अधिक मिळणार नाही. एकच हलकल्लोळ झाला. एवढ्यात प्रयोगशाळा चालूच शकत नाहीत, असं नामांकित विद्यापीठांनी न्यायालयात सांगितलं आणि न्यायालयाने तो निर्णय रोखला. त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण परदेशी संस्थांना एनआयएचच्या अनुदानावर वरखर्च मिळतो तो ८ टक्के, आणि तो गेली कित्येक वर्षं तितकाच आहे. बोस्टनला जे १५ टक्क्यांत जमत नाही ते मालीतल्या बामाकोला ८ टक्क्यांत जमावं, ही अपेक्षा कुणाला खटकली नाही.

आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या, तापही वेगळा. परदेशी सहकार्याचा प्रस्ताव आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीतून जावा लागतो. संस्था खासगी असेल तर परकीय योगदान नियमन कायदा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. १९७५ च्या त्या संशयाचे हे वारसदार. यातलं सगळंच अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. रक्ताचे नमुने आणि माहिती देशाबाहेर जाताना कुणीतरी विचारणा केलीच पाहिजे. पण छोट्या गावातल्या रुग्णालयाला मोठ्या शहरातल्या संस्थेचं बोट धरून संशोधनात उतरायचा जो रस्ता होता, तो त्यात बंद झाला, याचा विचार करायला हवा होता.

पुण्यात मात्र एक रस्ता बराच काळ चालला. १९९२ मध्ये भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या फोगार्टी कार्यक्रमातून पुण्यातले डॉक्टर, तंत्रज्ञ, विदा सांभाळणारे लोक शिकू लागले. पुढे ससून रुग्णालयाच्या आवारात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाबरोबरही काम उभं राहिलं. एचआयव्हीबाधित आईचं दूध पिणाऱ्या बाळाला सहा आठवडे नेव्हिरॅपिन दिलं तर काय होतं, याचा अभ्यास इथिओपिया आणि युगांडाबरोबर ससूनमध्येही झाला. २००८ मध्ये निष्कर्ष आले: सहाव्या आठवड्यापर्यंत लागण निम्म्याच्या आसपास घटली होती, सहा महिन्यांपर्यंत मात्र तो फरक ओसरला. म्हणजे औषध जास्त दिवस द्यायला हवं. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या अभ्यासातून सिद्ध झालं की बाधित जोडीदारावर लवकर उपचार सुरू केले तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते. त्या अभ्यासाचं एक केंद्र पुण्यात होतं. नवराबायको दोघांना समोर बसवून, एकाला रोग आहे आणि दुसऱ्याला नाही हे माहीत असताना, त्यांची संमती मराठीत घ्यायची आणि वर्षानुवर्षं त्यांना तपासणीला यायला राजी ठेवायचं, हे काम जॉन्स हॉपकिन्सच्या प्राध्यापकाकडून होण्यातलं नव्हतं. ते पुण्यातल्या समुपदेशक बायकांनी केलं. त्यांतल्या बहुतेकींची नेमणूक प्रकल्प संपेपर्यंतचीच असते, आणि त्यांच्या प्रशिक्षणाला कुणी संशोधन-प्रशिक्षण म्हणत नाही. या संग्रहातही त्यांच्यावर लेख नाही. ही उणीव संपादकांनी पुढच्या आवृत्तीत भरून काढावी.

हे सगळं आज लिहायची निकड काय, तेही सांगतो. १ मे २०२५ रोजी एनआयएचने जाहीर केलं की अमेरिकी संस्थांना मिळालेल्या अनुदानातून परदेशी सहकाऱ्यांना दिला जाणारा वाटा आता जुन्या पद्धतीने दिला जाणार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या संस्थांच्या अनुदानांवर त्याआधीच कुऱ्हाड कोसळली होती. राष्ट्राध्यक्षांच्या २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात फोगार्टी केंद्र अजिबात बंद करायचं सुचवलं गेलं. या केंद्राचा वर्षाचा खर्च साधारण ९.५ कोटी डॉलर. एनआयएचचा एकूण सुमारे ४,७०० कोटी डॉलर. म्हणजे शंभर रुपयांत वीस पैसे. एवढ्या बचतीने अमेरिकेची तिजोरी भरणार नाही. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांनी ओमिक्रॉन ओळखून जगाला सावध केलं, ते तिथे अशाच पैशांतून शिकलेली माणसं होती म्हणून. त्याची परतफेड म्हणून एक-दोन दिवसांत त्यांची विमानं बंद झाली, ती गोष्ट वेगळी.

अमेरिकेला बोल लावणं सोपं आहे, आणि लावावेतही. पण आपण कुठे आहोत? भारत संशोधन आणि विकासावर २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करत होता. कनिष्ठ संशोधकाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती २०२३ च्या जानेवारीपासून महिना ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली; ती हाती पडायला किती महिने लागतात, हे कुठल्याही विद्यापीठाच्या वसतिगृहात जाऊन विचारावं. महाराष्ट्रात पीएचडी करणारी मुलं रखडलेल्या शिष्यवृत्त्यांसाठी आझाद मैदानात उपोषणाला बसलेली आपण पाहिली आहेत. सत्तर वर्षांपूर्वी रॉकफेलरच्या पैशावर शिकलेल्या देशाने आता मलावीच्या, नेपाळच्या, बांगलादेशाच्या मुलांना शिकवायला हवं, असं या संग्रहातले एक लेखक म्हणतात. मी त्यांच्याशी सहमत आहे. फक्त आधी आपल्या मुलांचे थकलेले पैसे द्यावेत, एवढी पुस्ती जोडतो.

सगळंच निराशाजनक नाही. जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांचा इंडिया अलायन्स २००८-०९ मध्ये सुरू झाला तेव्हा खर्च निम्मा-निम्मा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली; त्यातल्या १,५०० कोटी रुपयांपैकी १,००० कोटी भारताचे आहेत आणि ५०० कोटी वेलकमचे. रॉकफेलर गेल्यावर पुण्याला जे जमलं, म्हणजे दाता हळूहळू मागे सरला तरी काम चालू राहणं, त्याची ही योजलेली आवृत्ती म्हणता येईल.

वाचकांना एक सूचना. लेख छापले आहेत त्या क्रमाने वाचलेच पाहिजेत असं नाही. आकडेवारीचा कंटाळा येणाऱ्यांनी, शिकून परत आलेल्या संशोधकांवरच्या लेखांपासून सुरुवात करावी आणि अनुदानांचे तक्ते मग उघडावेत. विद्यापीठांत आणि मंत्रालयात काम करणाऱ्यांनी मात्र तक्त्यांपासूनच करावी.